हाडासारख्या टणक गोष्टीला जेली कशाला लागते?

हाड मोडलं की जुळतं, हे आपण शाळेपासून बघत आलोय. वर्गात कुणीतरी हात मोडून घ्यायचं, प्लास्टरवर सगळ्यांच्या सह्या व्हायच्या, दीड-दोन महिन्यांनी प्लास्टर कापलं की हात काडीसारखा झालेला असायचा पण हाड मात्र मस्त धरलेलं असायचं. त्यामुळे हाड म्हणजे आपोआप भरून येणारं प्रकरण असा आपला समज असतो आणि तो बऱ्यापैकी खरा पण आहे. कातडी कापली तर व्रण राहतो, हाड मात्र व्रण न ठेवता परत हाडच बनतं. शरीरात हे जमणाऱ्या गोष्टी फार कमी आहेत.

पण याला मर्यादा आहे. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलचा ऑर्थो वॉर्ड बघा, लोकलमधून पडलेले, बाइक घेऊन डंपरखाली आलेले, इन्फेक्शनमुळे हाडाचा सडलेला भाग काढून टाकावा लागलेले, असे पेशंट तिथे असतातच. मोडलेलं हाड जुळेल हो, पण जे जागेवरच नाहीये ते कसं जुळणार? साधारण हिशोब असा की गॅप २ सेंमीपेक्षा मोठा असेल आणि हाडाच्या घेराचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल, तर शरीर तो स्वतःहून भरत नाही, तिथे नुसते चिवट तंतू भरतात आणि पाय लुळा तो लुळाच राहतो. आकडा काही दगडावरची रेघ नाही, वय, जागा, रक्तपुरवठा, सिगरेट-तंबाखू, डायबिटीस या सगळ्यावर तो बदलतो.

मग आत्ता करतात काय? सगळ्यात भरवशाचा उपाय आजही जुनाच आहे, पेशंटच्याच कमरेच्या हाडातून, म्हणजे पँटचा पट्टा जिथे अडकतो त्या कडेतून, हाडाचा कीस काढायचा आणि गॅपमध्ये भरायचा. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीचे प्रोटीन असतात, खनिज असतं, आणि शरीर ते परकं मानत नाही. अडचण एवढीच की कमरेत माल मर्यादित असतो आणि ज्यांचं हे झालंय त्यांना विचारा, बरेच जण म्हणतील पायापेक्षा कंबरच जास्त दिवस दुखली. दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या माणसाने दान केलेलं हाड. आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे, तिथे दान केलेली हाडं साफ करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. टाटामध्ये आणखी एक पद्धत वापरतात जी ऐकून मी पहिल्यांदा थक्कच झालो होतो, हाडाच्या कॅन्सरमध्ये तो भाग कापून बाहेर काढायचा, शरीराबाहेर त्याला रेडिएशनचा एकच मोठा डोस देऊन त्यातल्या कॅन्सरच्या पेशी मारायच्या आणि तेच हाड प्लेट लावून परत जागेवर बसवायचं. हाड मेलेलं असतं, पण मापाला तंतोतंत, कारण त्याचंच आहे ना ते.

तिसरा प्रकार तुम्ही बघितला असेल, पायाभोवती स्टीलच्या रिंगा आणि तारा घेऊन फिरणारे लोक. ती इलिझारोव्ह पद्धत, सायबेरियातल्या कुर्गान शहरातल्या डॉक्टर इलिझारोव्ह यांनी काढलेली. हाड चांगल्या जागी मुद्दाम कापायचं आणि दोन टोकं दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने लांब करत न्यायची, मधल्या फटीत नवीन हाड तयार होत जातं. काम चोख होतं, पण ५ सेंमी गॅप असेल तर नुसतं ताणायलाच दोन महिने जवळपास, मग ते घट्ट व्हायला त्याच्या दुप्पट वेळ, आणि तेवढे महिने ती रिंग घेऊन ट्रेनमध्ये चढायचं. विरार फास्टमध्ये तर विचारच नको.

या सगळ्याला पर्याय म्हणून जगभरच्या लॅबमध्ये जे चाललंय त्याला बोन टिश्यू इंजिनिअरिंग म्हणतात, आणि त्यात सध्या खूप काम कशावर चाललंय तर हायड्रोजेलवर. म्हणजे चक्क जेली. पाणी बऱ्याचदा ८०-९० टक्के, बाकी लांबच लांब पॉलिमरच्या साखळ्या, आणि त्या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या म्हणून पाण्यात विरघळत नाहीत, नुसत्या फुगतात. डोळ्यातली सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स हे हायड्रोजेलच, बाळाच्या डायपरमधली ओली झाल्यावर फुगणारी पावडर पण हायड्रोजेलच. वैद्यकीय वापरासाठी मुद्दाम बनवलेलं हायड्रोजेल म्हणून चेकोस्लोव्हाकियातल्या ऑटो विख्तरले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांचं नाव घेतात, त्यांचा पेपर १९६० मध्ये नेचरमध्ये आला. पुढच्याच वर्षी ख्रिसमसच्या सुट्टीत विख्तरलेंनी घरी मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग जोडून लेन्स बनवायचं मशीन केलं आणि त्यावर खरंच लेन्स बनवल्या. आपल्याकडे एवढ्यासाठी आधी टेंडर काढतील.

तर लेन्स ठीक आहे, डोळा मऊ आहे. पण हाड? मांडीचं हाड उभं राहिल्यावर अख्ख्या शरीराचं वजन घेतं, त्याच्या बाहेरच्या कवचाचा कडकपणा मोजला तर १५-२० गिगापास्कलच्या घरात, आणि नेहमीची जेल काही किलोपास्कलची, म्हणजे तफावत लाखो पटींची. हा प्रश्न कुणालाही पडेल आणि पडायलाच पाहिजे.

याचं उत्तर हाड मुळात कसं तयार होतं त्यात आहे. घरी करून बघा, चिकनच्या तंगडीचं हाड खाऊन झाल्यावर स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवा. ॲसिड कॅल्शियम खाऊन टाकतं आणि जे उरतं ते रबरासारखं वाकतं. ते उरलेलं म्हणजे कोलॅजन. आपल्या हाडाच्या वजनात साधारण ६५ टक्के खनिज, २५ टक्के कोलॅजन आणि तत्सम प्रोटीन, १० टक्के पाणी. बनताना क्रम असा की हाड बनवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, आधी मऊ कोलॅजनची चटई विणतात आणि मग त्यात हळूहळू कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक स्फटिक बसत जातात. कडकपणा नंतर येतो, पहिल्या दिवशी कुठलंच हाड कडक नसतं.

फ्रॅक्चरमध्ये तर हे आणखी स्पष्ट दिसतं. हाड मोडलं की पहिल्या काही तासात तिथे रक्त साकळतं, त्या गुठळीत फायब्रिन नावाच्या प्रोटीनचं जाळं असतं आणि त्या जाळ्यात पाणी आणि पेशी अडकलेल्या असतात. म्हणजे काय झालं? हायड्रोजेलच झालं की! ती गुठळी धुऊन काढली तर हाड जुळायला वेळ लागतो हे प्रयोगात दिसलेलं आहे. त्या जेलमधून पेशी आत शिरतात, मग मऊ कूर्चा बनते, मग कच्चं हाड, आणि मग महिनोन् महिने ते घासूनपुसून नीट आकाराला येतं. शरीर गेली कोट्यवधी वर्षं जेलपासूनच सुरुवात करतंय, लॅबवाल्यांनी काही वेगळं शोधलेलं नाही, फक्त गॅप मोठा असला की शरीराची जेल पुरत नाही म्हणून बाहेरून द्यायची, इतकंच.

आणि वजनाचं काय, तर वजन रॉड किंवा प्लेट घेते, जशी आजही घेते. जेलने वजन घ्यायचंच नाहीये, तिचं काम पेशींना बोलावणं, बसवणं आणि कामाला लावणं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. बातम्यांमध्ये ‘आता कृत्रिम हाड जेलपासून’ असं काहीतरी येतं ना ते म्हणूनच चुकीचं वाटतं मला, हाड पेशीच बनवतात, जेलने फक्त त्यांची सोय करायची असते.

आता सोय म्हणजे नक्की काय, इथे खरी मजा आहे. २००६ मध्ये अमेरिकेत डेनिस डिशर यांच्या लॅबमधून एक पेपर आला, ॲडम एंगलर पहिले लेखक. त्यांनी बोन मॅरोमधल्या स्टेम सेल, म्हणजे पुढे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या, बाकी सगळं सारखं. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे १ किलोपास्कलच्या आत, पेशी मेंदूतल्या चेतापेशींसारख्या दिसायला लागल्या, १० किलोपास्कलच्या आसपास स्नायूंसारख्या, आणि २५ ते ४० किलोपास्कलवर हाडाच्या पेशींच्या वाटेला लागल्या. पेशी खालच्या पृष्ठभागाला धरून ओढून बघते, तो किती दाद देतो ते तिला कळतं आणि त्यावरून ती आपण काय व्हायचं ते ठरवते. कुठलं औषध नाही, हॉर्मोन नाही, नुसता पाट किती कडक एवढंच. आणि गंमत बघा, हे ४० किलोपास्कल म्हणजे तयार हाडाच्या मानाने काहीच नाही, ते त्या कच्च्या, अजून खनिज न भरलेल्या कोलॅजनच्या चटईच्या जवळपास जातं. पेशीला तयार हाड नकोच असतं, तिला ‘इथे हाड बनायचंय’ असं वाटणारी जागा हवी असते.

मग दहा वर्षांनी त्यात अजून एक भर पडली. २०१६ मध्ये ओविजित चौधरी आणि डेव्हिड मूनी वगैरे मंडळींनी दाखवलं की जेल किती कडक आहे तेवढंच पुरेसं नाही, दाबल्यावर ती किती पटकन सैल पडते यावरही अवलंबून आहे. सारख्याच कडक दोन जेल घेतल्या, एक स्प्रिंगसारखी परत जागेवर येणारी आणि दुसरी दाब घेऊन हळूच सरकून जागा देणारी, तर सरकून देणारीत पेशी पसरल्या आणि जास्त हाड बनवू लागल्या. चोंदलेल्या जागेत काम होत नाही, चर्चगेटला उतरणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

चोंदण्यावरून आठवलं, हायड्रोजेलची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. साखळ्यांच्या जाळ्यातली भोकं साधारण ५ ते १०० नॅनोमीटरची, पेशी १० ते २० मायक्रोमीटरची. म्हणजे पेशी भोकापेक्षा शेकडो पटींनी मोठी. पाणी, साखर, ऑक्सिजन आरामात आत-बाहेर करतात पण पेशीला हलताच येत नाही, ती जिथे आहे तिथे गोल होऊन बसून राहते. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे जेलमध्ये मुद्दाम मोठी छिद्रं ठेवायची, गोठवून-सुकवून किंवा थ्री-डी प्रिंट करून, हाडासाठी निदान १०० मायक्रोमीटर आणि रक्तवाहिन्या शिरायला हव्या असतील तर ३०० च्या वर बरी. दुसरा उपाय जास्त हुशारीचा, साखळ्यांना बांधणाऱ्या गाठीच अशा ठेवायच्या की ज्या पेशीने सोडलेल्या एन्झाइमनेच तुटतील. शरीरात पेशी तसंच करतात, पुढचं कापत कापत जातात आणि मागे आपलं कोलॅजन टाकत येतात.

इथेच वेळेचं गणित येतं. बिल्डिंग रिपेअर करताना बांबूची परांची बांधतात तसंच हे आहे, काम चालू असताना परांची सुटली तर माणसं खाली आणि काम संपल्यावरही तशीच राहिली तर सोसायटीला वर्षानुवर्षं अंधार (आमच्या गल्लीत अशी एक आहे, तिच्यावर आता पिंपळ उगवलाय). जेल दोन आठवड्यात विरघळून गेली तर तिथे परत पोकळी, आणि सहा महिने तशीच राहिली तर नवीन हाडाला जागाच नाही. वीस वर्षाच्या मुलाचं हाड ज्या वेगाने भरतं त्या वेगाने सत्तरीतल्या डायबिटीसवाल्या आजीचं भरत नाही, मग एकच जेल दोघांना कशी चालणार, म्हणून ती एन्झाइमवाली कल्पना चांगली, पेशींनी काम केलं तरच जेल सुटते, नाहीतर थांबते.

आता जेल बनते कशाकशापासून ते बघू, कारण यातला निम्मा माल आपल्या ओळखीचा आहे. अल्जिनेट, समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून निघतं. डेंटिस्टकडे दातांचं माप घेताना जो थंडगार गुलाबी लगदा तोंडात कोंबतात तोच हा, कॅल्शियम मिळालं की मिनिटाभरात घट्ट होतो. पेशींना तो त्रास देत नाही पण धरायला पण काही देत नाही, गुळगुळीत भिंत नुसती. म्हणून त्यावर आरजीडी नावाचा छोटासा तुकडा चिकटवतात, तीन अमिनो ॲसिडचा, जो १९८४ मध्ये सापडला, पेशी कोलॅजन-फायब्रोनेक्टिनसारख्या प्रोटीनला नेमकी जिथे पकडते ती मूठ.

दुसरं कायटोसॅन. ससून डॉकला पहाटे गेलात तर कोळंबी सोलत बसलेल्या बायका आणि बाजूला टरफलांचे ढीग दिसतील. ती टरफलं, खेकड्याची कवचं, यात कायटिन असतं. ॲसिडने त्यातला चुना काढायचा, सौम्य अल्कलीने प्रोटीन काढायचं आणि मग कडक अल्कलीत तापवलं की कायटोसॅन मिळतं, मोठ्या प्रमाणावर असंच बनवतात. त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज असल्याने रक्त थांबवायच्या पट्ट्यांमध्ये ते आधीपासून वापरात आहे. हाडासाठी त्याची खरी करामत वेगळी, ग्लिसरोफॉस्फेट नावाच्या क्षाराबरोबर मिसळलं की थंड असताना पातळ आणि ३७ डिग्रीला घट्ट. म्हणजे फ्रिजमधून काढून सिरिंजमध्ये भरा, सुईने हाडाच्या वेड्यावाकड्या पोकळीत सोडा, आत जाऊन आपोआप जेल. मोठी चीर नको, माप घेऊन तुकडा कापायला नको. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांचं काय असं कुणीही विचारेल, तर ॲलर्जी मुख्यतः कोळंबीच्या मांसातल्या प्रोटीनची असते, कायटिनची नाही, पण मग प्रोटीन खरंच शेवटच्या कणापर्यंत काढलंय का हे प्रत्येक बॅचला तपासावं लागतं, आणि स्वस्तातल्या मालात घोळ तिथेच होतात.

तिसरं जिलेटिन, कोलॅजनच उकळून केलेलं, त्यामुळे त्यात पेशींची ओळखीची मूठ आधीपासून असते. पण ते शरीराच्या तापमानाला वितळतं. म्हणून त्यावर मेथॅक्रिलेटचे गट जोडतात, त्याला जेलमा म्हणतात, आणि निळ्या किंवा अतिनील प्रकाशाने ते पक्कं करतात, डेंटिस्ट फिलिंगवर निळी लाइट मारतो ना तसंच. लॅबमध्ये सध्या जिकडे बघाल तिकडे जेलमा. आता जिलेटिन येतं गाईच्या नाहीतर डुकराच्या कातडी-हाडांपासून, आणि घाटकोपर-मुलुंडच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, कॅप्सूल व्हेज आहे का असं विचारणारे पेशंट रोज येतात, मग हाडात घालायच्या जेलबद्दल का नाही विचारणार. माशाचं जिलेटिन निघतं पण तेही सगळ्यांना चालणार नाही. मला तरी वाटतं आपल्याकडच्या लॅबनी हा प्रश्न शेवटी न ठेवता पहिल्या दिवशीच विचारात घ्यावा, पेशंटची संमती हा काही तांत्रिक किरकोळ मुद्दा नाहीये.

याशिवाय पीईजी, पीव्हीए अशी कारखान्यात बनणारी पॉलिमर आहेत, दर बॅच सारखी, प्राण्याचा संबंध नाही, पण पेशींसाठी कोरी पाटी, सगळं आपण जोडायचं. यातल्या बहुतेक जेलमध्ये मग हाडाचं खनिज म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइटची अतिबारीक पूड, किंवा बायोॲक्टिव्ह काच मिसळतात. ही काच लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये बनवली, शरीरात हाडाला ती इतकी घट्ट चिकटली की काढता येईना. खनिजाने जेल थोडी कडक होते आणि पेशींना कॅल्शियम-फॉस्फेट जागच्या जागी मिळतं.

आणि मग वाढीचे प्रोटीन. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसचे मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड जनावराच्या स्नायूत ठेवलं तर स्नायूत हाड उगवतं. त्या हाडात काहीतरी आहे जे पेशींना हुकूम देतं, त्यालाच पुढे बीएमपी (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन) नाव पडलं. २००२ मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने त्यातलं बीएमपी-२ मणक्याच्या ऑपरेशनसाठी मंजूर केलं, कोलॅजनच्या स्पंजमध्ये भिजवून. पण स्पंज त्याला धरून ठेवत नाही, बरंचसं सुरुवातीलाच बाहेर, म्हणून डोस मिलिग्रॅममध्ये द्यावा लागतो जिथे शरीर स्वतः नॅनोग्रॅममध्ये काम भागवतं. मानेच्या मणक्यात वापरल्यावर काहींच्या घशाला इतकी सूज आली की श्वास अडकला, २००८ मध्ये एफडीएला इशारा काढावा लागला. तेव्हापासून हायड्रोजेलवाल्यांचं एक मोठं काम म्हणजे बीएमपी थेंबाथेंबाने सोडणारी जेल. मगाशी म्हटलेल्या भोकांतून पेशी जात नाही पण बीएमपी काही नॅनोमीटरचं, ते सटकतं, म्हणून त्याला पकडून ठेवणारं हेपारिनसारखं काहीतरी जेलमध्ये बांधतात. औषध नवीन लागत नाहीये, ते तिथेच थांबवायला काहीतरी लागतंय.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट अडतेच, रक्त. कुठलीही पेशी केशवाहिनीपासून १००-२०० मायक्रोमीटरपेक्षा लांब असली की तिला ऑक्सिजन पुरत नाही. १ सेंमीच्या जेलच्या गोळ्याचा मध्य कडेपासून ५,००० मायक्रोमीटरवर असतो. नवीन रक्तवाहिन्या दिवसाला मिलिमीटरच्याही आत सरकतात, म्हणजे मधल्या पेशींपर्यंत रक्त येईपर्यंत त्या मेलेल्या. उंदराच्या कवटीत काही मिलिमीटरचं भोक पाडून ते भरल्याचे पेपर ढिगाने आहेत, सुंदर फोटो असतात, पण उंदराच्या कवटीचं हाड पातळ, चहूबाजूंनी रक्त आणि वजन शून्य. माणसाच्या नडगीत ६ सेंमीचा गॅप म्हणजे दुसरीच दुनिया. लॅबमधलं बरंच काम मधेच अडकून पडतं याचं मुख्य कारण माझ्या मते हेच आहे, जेल वाईट म्हणून नाही.

आता बायोकम्पॅटिबल, म्हणजे शरीराला चालणारं, या शब्दाकडे येऊ, कारण जाहिरातीत तो फार स्वस्त झालाय. पूर्वी अर्थ असा घ्यायचे की शरीराने दुर्लक्ष केलं म्हणजे झालं. १९८७ मध्ये डेव्हिड विल्यम्स यांच्या पुढाकाराने जी व्याख्या ठरली ती सांगते की त्या विशिष्ट कामासाठी शरीराने योग्य प्रतिसाद दिला पाहिजे. योग्य प्रतिसाद, शून्य नाही. हाडात जेल घातली की पहिल्याच दिवशी मॅक्रोफेज, म्हणजे परकं काही दिसलं की गिळणाऱ्या संरक्षक पेशी, येतात, आधी भांडायच्या मूडमध्ये आणि नंतर दुरुस्तीच्या. थोडी सूज लागतेच, तिच्याशिवाय दुरुस्ती सुरूच होत नाही. पण ती लांबली तर जेलभोवती तंतूंची जाड पिशवी बनते आणि हाड बाहेरच राहतं. म्हणून डोळ्यात उत्तम चालणारी जेल हाडात चालेलच असं नाही आणि उलटही नाही.

तपासायचे नियम आयएसओ १०९९३ या मालिकेत आहेत. सुरुवात साधी, जेल ३७ डिग्रीला द्रवात भिजवून ठेवायची, तिच्यातून जे काही झिरपेल तो द्रव पेशींवर घालायचा, ७० टक्क्यांपेक्षा कमी पेशी जगल्या तर नापास. इथे बऱ्याचदा जेल नाही तर तिला घट्ट करायला वापरलेलं केमिकल गोत्यात आणतं, ग्लुटराल्डिहाइड त्यातलं कुप्रसिद्ध, गाठी झकास मारतं पण थोडं जरी उरलं तरी पेशी मारतं.

आणि निर्जंतुक कसं करायचं? ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, टाकली तर जिलेटिनची जेल आमटी होऊन बाहेर येईल. गॅमा किरण मारले तर अल्जिनेट-कायटोसॅनच्या साखळ्या तुटतात. उलट पीव्हीए पाण्यात असताना किरण मारले की साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. ट्रॉम्बेच्या बीएआरसीने भाजलेल्या जखमांसाठी जी हायड्रोजेलची पट्टी बनवली ती याच गुणावर, एकाच झटक्यात जेल पण तयार आणि निर्जंतुक पण. ती कातडीसाठी आहे, हाडासाठी नाही, पण मुंबईतल्याच शास्त्रज्ञांनी हायड्रोजेल लॅबमधून पेशंटपर्यंत आणल्याचं उदाहरण म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

पुढचा अडथळा कागदाचा. नुसती जेल असेल तर ती मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ मध्ये येते, शरीरात राहणारी आणि विरघळणारी म्हणून वरच्या धोक्याच्या वर्गात. त्यात बाहेर वाढवलेल्या पेशी मिसळल्या की ती औषधासारखी, क्लिनिकल ट्रायलशिवाय विकताच येत नाही. वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था आयसीएमआर, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे मुख्यतः रक्ताच्या आजारांमधलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, बाकीचं सगळं संशोधन, आणि संशोधनाचे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यामुळे कुणी ‘स्टेम सेल जेलने गुडघा-कंबर नवीन’ म्हणत लाखाचं पॅकेज सांगत असेल तर ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर, मागा. नंबर असेल तर तो वेबसाइटवर कुणालाही बघता येतो, नसेल तर चप्पल घाला आणि निघा.

मग हे आपल्यापर्यंत कुठून पोचेल? माझा अंदाज, नडगीतून नाही, जबड्यातून. दात काढल्यावर जी खोबण राहते ती छोटी असते, चारी बाजूंनी हाड असतं, रक्त भरपूर, वजन लगेच घ्यायचं नसतं, आणि इम्प्लांटचा स्क्रू बसवायला तिथे हाड भरलेलं हवंच असतं. दादर-पार्ल्यातल्या बऱ्याच डेंटिस्टकडे आजही पेशंटचंच रक्त फिरवून त्यातली फायब्रिनची पिवळसर चकती काढून त्या खोबणीत घालतात, पीआरएफ म्हणतात तिला, कधी त्यात बोन ग्राफ्टची पावडर मिसळतात. ती चकती हायड्रोजेलच आहे, तुमच्याच रक्ताची. फक्त ती दोन-एक आठवड्यात विरघळून जाते आणि हाडाला लागतात महिने, त्यामुळे तिच्या जागी जास्त टिकणारी, सिरिंजमधून भरता येणारी जेल बसवण्यावर बऱ्याच ठिकाणी काम चालू आहे. मांडी-नडगीच्या मोठ्या गॅपसाठी मात्र अजून तरी रॉड, कमरेतला कीस नाहीतर ती रिंग, आणि डॉक्टरने तंबाखू सोडायला सांगितली तर ती खरंच सोडायची, कारण निकोटीनने आकसलेल्या रक्तवाहिन्यांवर अजून कुठल्याच जेलकडे इलाज नाहीये.